अंग मोकळं करून देणारा फागू

आमच्या साखरशेत पाड्याच्या वर जो माळ आहे, त्यावर पूर्वी कमरेइतकं गवत उभं राहायचं. दिवाळी सरली की ते पिवळं पडायचं आणि वारा सुटला की माळाच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत एकच लाट जायची. मी समुद्र फार उशिरा पाहिला. पाहिला तेव्हा मला आमचा माळ आठवला, आणि खरं सांगतो, माळच बरा वाटला. त्या गवतात फागू मोठा झाला. बापाच्या मागे बसून, हातात विळा धरून. फाल्गुनात जन्मला म्हणून फागू.

आता त्या माळावर गोल्फचं मैदान आहे. बारा वर्षांपूर्वी मुंबईच्या काही मंडळींनी ते केलं. नऊ ठिकाणी जमिनीत वाटीएवढी भोकं आहेत, प्रत्येकात एक झेंडा. लांबून काठीने चेंडू मारत आणायचा आणि भोकात घालायचा. कमी फटक्यांत घालील तो जिंकला. खेळ एवढाच, पण त्यासाठी गवत पेरभरही वाढू देत नाहीत. फागूला आधी ते गवत कापायलाच घेतलं होतं. दोन वर्षं त्याने मशीन चालवलं, मग खांद्यावर बॅग घेतली आणि कॅडी झाला. साहेबाच्या काठ्यांची बॅग वाहायची, त्याच्यामागून चालायचं, चेंडू कुठे पडला ते हेरून ठेवायचं आणि विचारलं तर कुठली काठी घ्यावी ते सांगायचं.

कॅडी पंधरावीस आहेत. पण फागूकडे आणखी एक काम आलं, ते सबनीस साहेबांमुळे.

सबनीस साहेब जहाजांच्या कंपनीतून निवृत्त झालेले. माणूस मनाचा चांगला, बोलायला मोकळा. सात वर्षांपूर्वी एका सकाळी ते मुंबईहून चार तास गाडीत बसून आले, उतरले, आणि चहासुद्धा न घेता सगळ्यात लांब काठी उचलून त्यांनी पहिला चेंडू मारला. चेंडू गेला की नाही ते कोणीच पाहिलं नाही, कारण साहेब जागच्या जागी खाली बसले होते. कमरेत असा काही लचका भरला की श्वास घेता येईना. फागूने त्यांना पाठीवर घेतलं आणि तांदळाचं पोतं न्यावं तसं क्लबच्या पायरीपर्यंत नेलं.

दोन महिन्यांनी साहेब परत आले, पण काठीला हात लावायला घाबरू लागले. तेव्हा फागू म्हणाला, "साहेब, आम्ही गवताला जातो ना, तर पयल्या अर्ध्या तासात कोणी जोराचा हात मारत नाय. आधी माळापर्यंत चालतो. मग बांधाकडचं थोडकं गवत लहान हातानं कापतो. अंगाला घाम सुटला की मग मोठा हात. थंड अंगाला वढलं तर अंग चिडतं."

साहेब हसले आणि म्हणाले, "मग घाल मला गवताला!"

तेव्हापासून फागूने त्यांना आपल्या रीतीने तयार करायला सुरुवात केली. पहिली दहा मिनिटं नुसतं चालायचं, काठी न घेता. मग एका काठीचा आधार घेऊन एकेक पाय पुढे-मागे झुलवायचा, पाळण्यासारखा, म्हणजे खुबा सुटतो. मग काठी खांद्यांवर आडवी घेऊन कमरेपासून वळायचं, आधी थोडं, मग जास्त. उभ्याउभ्या वाकून ताणत बसायचं नाही. अंग हलतं ठेवायचं. मग दोन काठ्या एकत्र धरून संथ झोका. त्यानंतरच चेंडू. आधी आखूड काठी आणि अर्धा हात, मग मधली, शेवटी लांब काठीचे चारच फटके, आणि तेही पूर्ण जोराने नाही. सगळ्यात शेवटी भोकाजवळची हिरवळ. तिथे आधी लांबून चेंडू घरंगळत सोडायचा, म्हणजे आज गवतावर चेंडू किती पळतोय ते हाताला कळतं. मग अगदी जवळून चारपाच चेंडू भोकात टाकायचे, म्हणजे भोकात चेंडू पडल्याचा आवाज कानात राहतो. सगळं मिळून चाळीस मिनिटं.

साहेबांची कमर पुन्हा कधी भरली नाही. ते बघून दुसरे आले, तिसरे आले. मग क्लबने नियमच करून टाकला: साठीच्या पुढच्या सभासदांनी फागूकडून अंग मोकळं करून घेतल्याशिवाय पहिला चेंडू मारायचा नाही. कॅडींच्या खोलीत एक पाटी लागली आणि तिच्यावर रोज सकाळी फागूच्या नावाखाली साहेबांची नावं येऊ लागली. शनिवार-रविवारी सात-आठ. एकाचं संपलं की दुसरा. कोणाचा कोपर धरायचा, कोणाच्या गुडघ्याकडे बघायचं, कोणाला मधूनच थांबवून श्वास घ्यायला लावायचं. त्यानंतर परत बॅग होतीच.

आपल्या माणसाला इतकी किंमत आली म्हणून पाड्यावर आम्हाला अभिमान होता. मीही चारचौघांत सांगायचो. पण फागू दिवसेंदिवस गप्प होत चालला होता. एकदा खोडाळ्याच्या बाजारात भेटला तेव्हा मी विचारलं, "कसं काय चाललंय?" तर उजवा खांदा चोळत म्हणाला, "चाललंय. त्यांचं अंग सुटतं, माझं आखडतं."

सोमवारी मैदान सभासदांना बंद असतं. त्या दिवशी कॅडींना खेळायला परवानगी होती. साहेबांनी टाकून दिलेल्या जुन्या काठ्या घेऊन फागू खेळायचा, आणि असा खेळायचा की बाकीचे आपला डाव सोडून बघत राहायचे. विळ्याचा हात होता तो. कमरेतून निघायचा, घाई नसायची, आणि चेंडू लांब जाऊन हळूच टेकायचा.

गेल्या पौषात क्लबने ठरवलं की शिकायला येणाऱ्यांसाठी एक सहायक शिक्षक नेमायचा, आणि तो कॅडींमधूनच घ्यायचा. सोमवारी सकाळी सामना होईल, नऊ होलचा, म्हणजे नऊही भोकांचा. जिंकेल त्याला जागा. पहिलीच नेमणूक आणि एकच जागा. अट एक, वय चाळिसाच्या आत. फागूला फाल्गुनात चाळीस वर्षं पुरी होत होती. म्हणजे हा एकच सामना.

घरी त्याने रंजनाला सांगितलं. रंजना त्याची बायको, खोडाळ्याकडची, बोलायला धारदार.

"शिक्षक म्हणजे बॅग नाय उचलायची?" तिने विचारलं.

"नाय. उभं राहून सांगायचं फक्त."

"आणि ती म्हातारी माणसं?"

"ती दुसरा कोणीतरी बघंल."

"मग जिंकून ये," ती म्हणाली. "खांद्याला रोज तेल चोळून माझे हात पण म्हातारे झाले."

त्याच्या तोडीचा एकच होता, पंकज. दाभोशाचा, चोवीस वर्षांचा, फागूच्याच हाताखाली तयार झालेला. दोघांचं पटत होतं. "दादा, तुला हरवलं तर पाड्यावर येऊ देशील ना?" असं तो विचारायचा, आणि फागू म्हणायचा, "आधी हरव, मग जेवायलाच ये."

सामन्याच्या आदल्या दिवशी क्लबच्या सेक्रेटरींनी जाहीर केलं की सामन्याचं उद्घाटन सबनीस साहेबांच्या हस्ते होईल. पहिला चेंडू ते मारतील, मग खेळ सुरू. साहेबांना फार आनंद झाला. ते मुंबईला जायचे होते, ते थांबले. फागूच्या पाठीवर हात ठेवून म्हणाले, "केवळ तुझ्यासाठी थांबतोय हं. उद्या तूच."

सोमवारी फागू सव्वासहालाच माळावर पोचला. थंडी आमच्याकडे त्या दिवसांत अशी असते की बोलताना तोंडातून धूर निघतो आणि दवाने पायताण भिजून जड होतं. सामना साडेसातला. त्याचा विचार साधा होता: साडेसहाला सुरू करू, सगळ्यांचं करून देतो ते आज स्वतःचं करू, अगदी पूर्ण, एकही गोष्ट न गाळता. सात वर्षांत त्याला ते कधी मिळालं नव्हतं. सोमवारी खेळायचा तेव्हाही आधी मैदानावरचं पडेल ते काम करून यायचा, त्यातच अंग तापायचं.

त्याने काठ्या झाडाला टेकवल्या आणि चालायला सुरुवात केली. शंभर पावलं गेला असेल.

"फागू! अरे फागू!"

साहेब होते. अंगात स्वेटर, गळ्यात मफलर, हातात चहाचा कप.

"बरं झालं भेटलास. एकच चेंडू मारायचाय, पण चारचौघांत मारायचाय. आणि ही थंडी बघ. तिथे कमर भरली तर शोभा होईल माझी. आपलं नेहमीचं करून घेऊ या."

फागूने तोंड उघडलं. साहेब, आज माझा सामना आहे, हे वाक्य त्याच्या जिभेवर तयार होतं. मला त्याने नंतर ते जसंच्या तसं म्हणून दाखवलं. पण ते साहेबांना माहीत नव्हतं असं थोडंच होतं? ते तर त्याच्यासाठीच थांबले होते. माहीत असलेलं माणसाला पुन्हा कसं सांगायचं? साहेबांनी आधाराला पुढे केलेला हात त्याने धरला आणि म्हणाला, "चला, साहेब."

मनात त्याने हिशेब केला. साहेबांना पाऊण तास. उरलेल्या वेळात आपलं अर्धं तरी होईल.

पण त्या दिवशी साहेबांचा पाय उचलत नव्हता. चालताना ते दोनदा थांबले, एकदा पूर्वेला तांबडं फुटलेलं बघायला आणि एकदा मुलीचा फोन घ्यायला. फागूने मधल्या वेळात आपला एक पाय झुलवून घेतला. मग म्हणाला, "साहेब, आज मी पण बाजूला उभा राहून करू का? तुमच्याबरोबरच."

"कर की! विचारतोस काय?" साहेब म्हणाले. "फक्त माझ्या कोपराकडे लक्ष ठेव. मागे सरकला की मला कळत नाही."

फागूने काठी खांद्यांवर आडवी घेतली. एकदा वळला, दुसऱ्यांदा वळला. तिसऱ्यांदा वळताना साहेबांचा कोपर मागे सरकलेला दिसला. त्याने काठी खाली ठेवली आणि कोपर धरला. तो परत काठी उचलायला मोकळा झाला तेव्हा साहेब पुन्हा एकदा पाय झुलवायला लागले होते, आणि आज त्यांना काठीऐवजी फागूच्या खांद्याचा आधार हवा होता. त्या आधारासाठी फागू खांबासारखा उभा राहिला. खांब हलत नाही, म्हणून त्याचं अंगही तापत नाही.

चेंडूंची वेळ आली तेव्हा फागूच वाकून एकेक चेंडू मांडत होता. चेंडू दवाने ओले. त्याची बोटं लाकडासारखी झाली.

तिकडून पंकज घाम पुसत आला. त्याचं सगळं आटपलं होतं, कान लाल झाले होते. साहेबांना ऐकू जाणार नाही इतक्या हळू तो म्हणाला, "दादा, सात वाजून गेले. सोड म्हातारबाला, मी धरतो त्यांचा कोपर. तू तुझं कर. जा."

फागूने नुसती मान हलवली. "एवढं झालं की येतो."

हे त्याचं असं का, ते आमच्याकडचं गवत कापणं पाहिल्याशिवाय कळायचं नाही. गवताला माणसं एका ओळीत बसतात. प्रत्येकाच्या पुढे त्याचा पट्टा, त्याला पात म्हणतात. ज्याची पात आधी संपते तो उठून सावलीला जात नाही. तो शेजारच्या मागे पडलेल्याच्या पातीत शिरतो आणि त्याची पुरी करतो, मग दोघं मिळून तिसऱ्याची. पुढे गेलेल्याने मागच्याला टाकून पाणी पिणं म्हणजे आमच्याकडे फार हलकं काम समजतात. त्या माणसाला दुसऱ्या दिवशी ओळीत कोणी जागा देत नाही. फागूचा बाप म्हातारपणी मागे पडायचा तेव्हा त्याची पात लोकांनीच पुरी केली होती. हे ज्याच्या हाडात गेलं आहे, त्याला आधाराला हात पुढे केलेला माणूस मधेच सोडून आपल्या कामाला जाता येत नाही. समोरचा माणूस आपल्या ओळीतला नाही, त्याला ही रीत माहीत नाही, आणि आपली पात पुरी करायला तो कधी येणार नाही, हे फागूला त्या वेळी सुचलं नाही. सुचलं असतं तरी हात सुटला असता असं मला वाटत नाही.

सात पंचवीसला साहेबांचं झालं. खुर्च्या मांडल्या होत्या, नारळ फोडला, सेक्रेटरी दोन शब्द बोलले. साहेबांनी चेंडू मारला आणि तो खरोखरच सुरेख गेला, सरळ, झेंड्याच्या रेषेत. टाळ्या झाल्या. "बघा!" साहेब सगळ्यांना म्हणाले. "सत्तरी जवळ आलीये माझी! ही सगळी फागूची करामत."

मग आधी कोणी मारायचं त्याच्या चिठ्ठ्या काढल्या. पहिली चिठ्ठी फागूची निघाली.

त्याने हात एकमेकांवर घासले. दोन झोके घेतले, हवेतच. उजवा खांदा दारासारखा करकरला. मागून कोणीतरी म्हणालं, "फागूदादाला कशाला पायजे वार्मअप, तो तर मास्तर हाये!" लोक हसले. तोही हसला. मग लांब काठी घेऊन उभा राहिला आणि काठी मागे नेली.

कमर वळली नाही. हात एकटेच गेले. चेंडू उजवीकडे वाकडा होत करवंदीच्या जाळीत शिरला, आणि शोधूनही सापडला नाही. हरवलेल्या चेंडूची एक शिक्षा, परत पहिल्यापासून मारणं. त्या एका होलला त्याचे सात फटके गेले. तिथे एरवी तो चारात जातो.

पुढचं जे झालं ते पाहिलेली माणसं अजून सांगतात. दुसऱ्या होलला त्याचं अंग हळूहळू सुटायला लागलं. तिसऱ्याला पाठीवरून घाम उतरला. आणि मग माळावर वाढलेला तो माणूस असा खेळला की पंकज आपला फटका मारायचा विसरून उभा राहिला. गेलेले फटके तो एकेक करून भरून काढत गेला. शेवटच्या झेंड्यापाशी पोचला तेव्हा सूर्य चांगला वर आला होता, दव वाळलं होतं. शेवटचा चेंडूही त्याने लांबून सरळ भोकात घातला. चुकायचं होतं ते सकाळीच चुकून गेलं होतं.

पंकज एका फटक्याने जिंकला.

साहेब लगबगीने फागूकडे आले. चेहरा खरंच पडला होता त्यांचा. "अरे, काय खेळलास! शेवटी शेवटी तर कमाल. पण तो पहिलाच चेंडू असा कसा मारलास?" आणि मग त्याच्या दंडाला हात लावून काळजीने म्हणाले, "वॉर्म-अप नाही केलास का?"

फागूने त्यांच्याकडे पाहिलं. त्या डोळ्यांत काही लपवाछपवी नव्हती. साहेबांना खरंच माहीत नव्हतं.

"राहिलं, साहेब," तो म्हणाला.

"असं कसं राहिलं? तू मला रोज सांगतोस आणि स्वतः..." साहेबांनी मान हलवली. "स्वतःकडे बघत जा रे जरा."

संध्याकाळी मी फागूच्या ओट्यावर बसलो होतो. रंजना चुलीपाशी नागलीची भाकरी थापत होती. ती फक्त दोनदा बोलली होती.

"त्याला सांगायचं होतं, आज माझं हाये म्हणून."

"तोंड उघडलं होतं."

"मग?"

"त्यानं हात पुढं केलता. धरला."

यावर ती भाकरी अशी थापायला लागली की अंगणातल्या कोंबड्या लांब गेल्या.

तेवढ्यात पंकज आला. हातात पेढ्यांचा पुडा, अंगात क्लबने दिलेला नवा निळा टी-शर्ट. ओट्याच्या खालीच उभा राहिला.

"ये की वर," फागू म्हणाला. "जेवायला ये म्हणून सांगितलं होतं ना."

पंकज बसला. पेढा दिला. टी-शर्टची कड चाळवली. मग म्हणाला, "दादा, एक काम होतं. उद्यापासून नव्या माणसांची बॅच हाये, आठ जणं. सेक्रेटरी म्हणाले, सुरुवातीचं अंग मोकळं करायचं फागूलाच करू दे, तो चांगलं करतो. मग पुढचं तू शिकव. सहाला यायला सांगितलंय तुला." पेढ्यांचा पुडा पुढे सरकवत म्हणाला, "आणि पाटीवरची नावं पण तुझ्याकडंच राहतील. चार नवी आलीत."

चुलीपासून रंजना म्हणाली, "म्हणजे कपडे तू घालणार, नि हात यानं धरायचे?"

"वहिनी, मी नाय म्हणालो. मला पण आवडलं नाय."

"पण निरोप आणलास."

पोरगा वाईट नाही. त्याच्या जागी कोणीही असता तरी निरोप घेऊनच आला असता. फागू भिंतीला टेकून समोर बघत होता. समोर अंधारात बुडत चाललेला डोंगर होता आणि त्याच्यावर माळ. क्लबचे दिवे लागले होते.

मला वाटलं, आता हा म्हणेल येतो, आणि झालं. सात वर्षं तो तेच म्हणत आला होता. आधार मागणारा कोणी दिसला की त्याचा हात आपोआप पुढे जायचा.

"येतो," तो म्हणाला. रंजनाने पळी आदळली. पण फागूचं बोलणं संपलं नव्हतं. "पण सहाला नाय. त्यांना सांग, साडेसहाला येतील त्यांचं करून देईन. सहा ते साडेसहा मला नाय बोलवायचं. कोणी पण असूदे. सबनीस साहेब असले तरी."

"त्या वेळात काय करणार, दादा?"

"माझं करणार. चालणं, कमर, खांदा. सगळं."

पंकजने मान डोलावली आणि जेवायला न थांबताच गेला. जाताना पेढ्यांचा पुडा ओट्यावर विसरला, की मुद्दाम ठेवला, ते कळलं नाही.

रंजना हात पुसत बाहेर आली. तिचा आवाज आता खाली आला होता. "आता कशाला करायचं ते? सामना नाय, जागा नाय. तू चाळीस पुरा करशील. खेळायचं तर काहीच उरलं नाय."

फागू उजवा खांदा हळूच गोल फिरवत होता. खांदा अजून सकाळसारखाच करकरत होता. तो म्हणाला, "ते खांद्याला कुठं माहीत हाये."

ती आत गेली आणि तेलाची वाटी घेऊन आली.